लदेणी आमची, दर त्यांचा

"आजी, चहा डाउनलोड होत नाही हो," साहेब म्हणाला. लॅपटॉपच्या चौकटींतली सगळी तोंडं हसली. मीही हसले. सगळ्यांत मोठ्यानं.

लॅपटॉपसमोर मी कपबशी ठेवली होती. माणूस पुण्यातून बोलून राहिला आहे, हे कळत नव्हतं असं नाही. पण पाहुणा तो पाहुणा. गेल्या वर्षीची ती बाई, म्हणजे मीच, आठवली की तिचा कान पिळावासा वाटतो. वय सत्तरीच्या अलीकडे, म्हणजे अगदीच पोर. अक्कल गुडघ्यात. आता गुडघे गेले, तेव्हा ती वर सरकली असावी.

आम्ही घाटंजीकडच्या तांड्यावरचे. नात रोशनी आणि मी मिळून मोबाइलवरचा एक खेळ केला होता. बैलांच्या पाठीवर मिठाच्या गोण्या लादायच्या, तांडा रानातून पार न्यायचा. वजन एकीकडे झुकलं की बैल बसतो. आमच्या वाडवडिलांची लदेणी हीच. गोणी कशी लादायची ते मी सासऱ्यांकडून ऐकलेलं. बैल हाकारायचा आवाज माझा. बाकी सगळं रोशनीचं. कॉलेज सुटल्यापासून तिनं दुसरं काही केलं नाही.

खेळ ज्या सॉफ्टवेअरवर बांधला, त्या कंपनीचा हा साहेब. आधी वर्षाचं भाडं ठरलं होतं. खेळ बाहेर आला आणि नियम बदलला. आता कोणी तो मोबाइलवर उतरवला की दर वेळी आम्ही कंपनीला पैसे द्यायचे. काढून पुन्हा टाकला तरी.

"सर, आमचा खेळ फुकट आहे. बनवला तेव्हा हा नियम नव्हता," रोशनी म्हणाली.

"मग हा छंद झाला, मॅडम. छंदाला खर्च येतोच."

आणि मी काय केलं? हात जोडले. काचेला.

"साहेब, लेकरू हाय. सांभाळून घ्या."

रोशनीनं माझ्याकडं पाहिलं नाही. लॅपटॉप मिटला. चहा मीच प्यायले. गार झाला होता. राग नाही, रडू नाही. तूर निवडत बसले.

रोशनीनं खेळ काढून घेतला. बाजारात पोरं विचारायची, "आजी, तुमचा खेळ काहून दिसत नाही?" मी म्हणायची, "बैल बसले."

काही महिन्यांनी रोशनीला साहेबाचा फोन. खेळ बनवणाऱ्यांनी जिकडंतिकडं ओरड केली होती, म्हणून लहान लोकांना सूट मिळणार होती. "तुमचं नाव मीच पुढं केलं. फक्त एक छोटा व्हिडिओ हवा. आजी पारंपरिक पोशाखात, कंपनीचे आभार मानताना."

फेटिया-कांचळी मी पेटीतून काढलीसुद्धा. अशी बाई. अंगात घालताना हात थांबला.

"सूट कितीक दिवसाची?" मी रोशनीला विचारलं.

"त्यांच्या मेलमध्ये ते लिहिलं नाही, आजी."

"पुढचा दर कोण ठरवन?"

"तेच."

"मंग आभार कायचे?"

रोशनी म्हणाली, "नाही म्हटलं तर सगळा खेळ दुसऱ्या सॉफ्टवेअरवर पुन्हा बांधा लागते. ते फुकट भेटते, पण वर्ष जाईन. जास्तही."

"माह्या उरल्या वर्षायचं तू नको पाहू. तुले बांधाचा हाय का?"

"हो."

साहेबाचा पुन्हा फोन आला, तो मी घेतला. "आजी बोलून राह्यली. व्हिडिओ भेटणार नाही. सूटही नको."

"आजी, तुम्हाला यातलं कळणार नाही. मॅडमना द्या."

"कळूनच बोलून राह्यली."

ठेवला.

छाती भरून आली वगैरे काही नाही. आत अजून बधिरच आहे. रोशनी नव्यानं बैल काढते आहे. पहिला बैल चालत नाही, जागीच घसरतो. जुना आवाज चालला असता, तरी मी पुन्हा भरून देते आहे. तेव्हा मोठी माणसं ऐकतील म्हणून गोड काढला होता. तशानं बैल हलत नसतो. या वेळी रानात काढायचा तसा काढते.

यंदा नाही झाला तर पुढच्या वर्षी. मी नसले तर माझ्याशिवाय. पण आमच्या बैलांनी चालावं की नाही, हे विचारायला आता कोणाकडं जाणार नाही.