तेल्हाऱ्याच्या बोर्डावरचा नारळ
नारळाच्या पाण्याचा वास आला की मला अजून चीड येते. साठ-एकसष्टच्या सुमारास तेल्हाऱ्यात मी गावातला पहिला टेलिफोन बोर्ड बसवला होता आणि तो झकास चालत होता. उद्घाटनाला अकोल्याहून आमचे साहेब आले. त्यांनी नारळ दगडावर न फोडता थेट बोर्डाच्या लोखंडी कडेवर आपटला. पाणी आत गेलं, चर्रर्र आवाज झाला आणि बोर्ड मुका, गावातले सगळे फोन बंद. "विश्रांती द्या त्याला," म्हणत साहेब पेढा चघळत जीपनं गेले. मागचं झाकण उघडून आत पुसायचं आणि फ्यूज बदलायचा, एवढंच काम. पण अडाण्यांचा हात लागू नये म्हणून साहेबांनीच झाकणाला कुलूप घातलेलं, किल्ली त्यांच्या खिशात. "तोडा ना कुलूप, काहून भेता?" ऑपरेटर म्हणाला. "परवानगी नाही. नोकरी गेली तं तुमी पोसता का मले?" म्हणत मी मोटारीनं धूळ खात अकोल्याला गेलो. जठारपेठेतल्या घरी साहेब जेवून लोळत होते. किल्ली मागितली तर खेकसले, "एवढ्यासाठी इथवर आलात? फोन करायचा ना!" हे ऐकून नातवंडं पोट धरून हसतात. मला हसू येत नाही. त्या माणसाला पुढे बढती मिळाली.