पहिला घास फाटकाबाहेर

अन्याय झाला तो भोकरदनच्या चाँदबी बांगडीवालीच्या लेकावर, गनीवर, आणि तो झाला १९४८ सालच्या नवरात्रात, पहिल्या माळेपासून सातव्या माळेपर्यंत. पोलीस अॅक्शन होऊन फार दिवस झाले नव्हते. निजामाच्या फौजेनं शस्त्रं खाली ठेवली होती आणि तिच्यातले काही शिपाई जालन्याबाहेर, कापसाच्या एका बंद पडलेल्या जिनिंगच्या आवारात, काटेरी तारेमागं युद्धकैदी म्हणून ठेवले होते. गनी त्यांच्यात होता. तो फौजेच्या बँडात ढोल वाजवायचा. त्यानं कुणाचं घर जाळलं नाही, कुणावर गोळी झाडली नाही. तरी त्याच्या तोंडापर्यंत अन्न जाऊ नये असं शहरातल्या भल्याभल्यांना वाटत होतं, आणि ते तसं चारचौघांत बोलूनही दाखवत होते.

मी पत्रकं लिहिणारा माणूस. देवाधर्मावर लिहायची मला सवय नाही, आणि चमत्काराच्या गोष्टी कुणी सांगू लागला की मी उठून जातो. शिवाय ज्या राजवटीची ही फौज, तिच्या तुरुंगात मी आदल्या वर्षी राहून आलो होतो. लोक मला अडवून विचारायचे, "तू त्यांची कैद भोगली, अन् त्यांनाच भाकरी नेऊन राह्यला?" मी सांगायचो, कैद भोगली म्हणूनच नेतो. भुकेला बाजू नसते, ती कोठडीत बसल्यावर कळते. यावर ते म्हणायचे, "बराबर, आता याला पुढारी व्हायचंय." अशा माणसांशी वाद घालण्यात अर्थ नसतो. मी तरी घालायचोच.

आतल्या कैद्यांना रेशन मिळत होतं, पण ते पोचवणारा ठेकेदार पिठात काय काय मिसळत होता ते त्याचं त्याला माहीत. म्हणून आम्ही पुडकी न्यायचो. आई पहाटे भाकरी थापायची, गल्लीतल्या दोन-तीन घरांतून थोडी यायची, सोबत गूळ आणि भाजलेले शेंगदाणे. सगळं जुन्या धोतराच्या फडक्यात बांधून मी फाटकावर द्यायचो. मध्यंतरी शहरात आवई उठली की कुणीतरी कैद्यांच्या अन्नात काचेची भुकटी घालणार आहे. पहाऱ्यावरचे सुभेदार उत्तरेकडचे, कडक पण सरळ. त्यांनी नियम केला: आणणाऱ्यानं त्याच अन्नातलं आधी फाटकाबाहेर, त्यांच्या डोळ्यांसमोर खायचं. मगच पुडकं आत जाईल. कैद्यांच्या नातेवाइकांना तर तारेजवळ यायलाच बंदी. नियम वाईट नव्हता. मी रोज उभ्या उभ्या पाव भाकरी खायचो आणि पुडकी आत जायची.

मग घट बसले. मी तुरुंगात असताना आईनं देवीला नवस बोलला होता की लेक जिवंत घरी आला तर पहिल्या नवरात्रात तो नऊ दिवस दुधापाण्यावर राहील, तोंडात दाणा घालणार नाही. मी हे मान्य केलं होतं ते देवीसाठी नव्हे, आईसाठी. घटावर हात ठेवून शब्द दिला होता. पण दाणा तोंडात घालायचा नाही म्हणजे फाटकावरचा घासही घालायचा नाही, हे पहिल्या माळेला पुडकं हातात घेऊन उभा राहिलो तेव्हा लक्षात आलं. सुभेदार म्हणाले, "उपवास है तो दूसरा आदमी लाओ." आईचाही उपास, म्हणून मी दुसरा माणूस शोधत फिरलो. मोंढ्यातला एक हमाल आला, त्यानं खाल्लं, पण दुसऱ्या दिवशी बाजारात लोकांनी त्याला घेरून जाब विचारला आणि तो पुन्हा फिरकला नाही. पत्रकं वाटताना ज्यांनी माझ्या खांद्याला खांदा लावला होता ते म्हणाले, "दसरा होऊ दे, मंग बघू." सहाव्या माळेपर्यंत पुडकी तशीच माघारी येत होती. आई त्या भाकरी दारावर येणाऱ्यांना वाटून टाकायची आणि माझ्याकडं बघायची नाही.

सातव्या माळेला चाँदबी आमच्या ओसरीवर आली. ती वर्षानुवर्षं भोकरदनहून आमच्या गल्लीत बांगड्या भरायला यायची; त्या दिवशी टोपली नव्हती. छावणीतले कपडे धुणाऱ्या परटाकडून तिला कळलं होतं. "आई, गनी को आंव लगी है बोलते," ती म्हणाली. "पेट में कुछ ठहरता नै. भाकर देखा तो मुंह फेर लेता. दूध नको बोला उधर का कंपाउंडर. पतला, नरम कुछ गया तो बचेगा." आईनं तांदळाच्या कण्यांची पेज चढवली. मी म्हणालो, आज मी खातो, काय व्हायचं ते होवो. आईनं पळी खाली ठेवली. "तुला मरणाच्या दारातून माघारी मागितलंय मी," ती म्हणाली. "दोन माळा राह्यल्यात. तेवढं न्हाई का निभत?" समोर चाँदबी बसलेली. दोघी आयाच. मी किटली उचलली आणि निघालो.

फाटकावर सुभेदारांना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, वाईट वाटलेलंही दिसलं, पण मान हलवली. आज एकाला सूट दिली तर उद्या काचेची भुकटी घेऊन येणाराही उपास सांगेल, असं ते म्हणाले. मी समोरच्या कडुनिंबाखाली किटली घेऊन बसलो. शब्द मोडला तर आई आयुष्यभर मनात भीती धरील. पाळला तर गनी जाईल. मी पत्रकात जसं सरकारला विचारतो तसं देवीला विचारलं: उपास तुझा, तारेमागं पडलेलं लेकरूही तुझंच म्हणतात, मग हा कायदा कुणाचा? मला कळत नाही, तूच काय ते कर. प्रार्थना अशी करत नाहीत हे मला ठाऊक आहे. पण 'तूच कर' हे शब्द मी त्याआधी कधी कुणाला म्हटले नव्हते.

तेवढ्यात शहराकडून एक टांगा आला आणि फाटकाशेजारच्या पाण्याच्या हौदाशी घोडा अडून बसला. टांगेवाला ओढतोय, घोडा पाय रोवून उभा. "आत्ताच पाजलंय की रं तुला, हरामखोरा!" घोडा पाण्याला तोंडही लावत नव्हता. टांग्यातून एक मारवाडी म्हातारी उतरली. पांढरं पातळ, हातात फडक्यानं झाकलेलं पितळी पातेलं, काखेतल्या पिशवीत थाळी-लोटा. तिनं मला विचारलं, "का रे बेटा, मयत झाल्यावानी का बसलास?" मी तोडूनच बोललो. तिनं तरी सगळं काढून घेतलं. मग किटलीचं झाकण उघडून वास घेतला.

"मीठ घातलंय?"

"घातलंय."

"मग मला चालत नाही. आम्हा जैनांची आंबेलची ओळी, नऊ दिवसांचं व्रत, आजपासून सुरू. मीठ नाही, तेल नाही, दूध-तूप नाही. दिवसातून एकदाच, एका बैठकीत." तिनं स्वतःच्या पातेल्यावर हात ठेवला. "हे नणंदेकडं नेत होते, तिची पण ओळी आहे. भात अन् मुगाचं पाणी. आजाऱ्याला याच्याहून हलकं काय देणार?"

ती सरळ फाटकासमोर गेली, जमीन पदरानं हलकेच झाडली आणि मांडी घालून बसली. थाळीत भात घेतला. सुभेदार ओशाळले. "माताजी, एक निवाला बस है."

"तुमचं होतं बस," ती म्हणाली. "मी एक घास खाऊन उठले तर आजचं जेवण तेवढंच. उठल्यावर पुन्हा खाता येत नाही. तर आता पोटभर जेवू द्या."

आणि ती जेवली. बंदुकीच्या पहाऱ्यासमोर, धुळीत, जराही घाई न करता, बिनमिठाचा भात. सुभेदार उभे, शिपाई उभे, तारेमागं कैदी गोळा झालेले. कुणी हसलं नाही. शेवटी तिनं लोट्यातलं उकळून गार केलेलं पाणी थाळीत ओतलं, थाळी बोटानं फिरवून धुतली आणि ते धुवणही पिऊन टाकलं. त्यांच्यात ताटात शीत टाकत नाहीत. सुभेदारांनी पातेलं स्वतः उचलून आत नेलं. मी विचारलं, तुमच्या नणंदबाई काय खातील? म्हणाली, "बोटं मोडील माझ्या नावानं. लग्न होऊन आले तेव्हापासून मोडतीच आहे."

ती टांग्यात बसली आणि घोडा मुकाट चालू लागला. तो का थांबला होता ते मी सांगू शकत नाही. टांगेवाल्याच्या मते ते जनावरच बदमाश.

घरी येऊन मी आईला जसं घडलं तसं सांगितलं. ती उठून घटापुढं गेली आणि दिव्यात तेल घातलं. आठव्या माळेला सकाळी तिनं भात मऊ शिजवला, पातेलं माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, "तुझा जीव देवीनं दिला. गनीचा ती तुझ्या हातून देते म्हणली तर मी कोण आडवी येणारी? जा, खा तिथं." मी फाटकावर बसलो आणि खाल्लं. खाताना नेम मोडल्यासारखं वाटलं नाही, हातातलं काहीतरी देवीच्या हवाली केल्यासारखं वाटलं. आतापर्यंत मी उपास माझ्यापाशी धरून बसलो होतो. त्या म्हातारीनंही नेम सोडला नव्हता. पण ती तो घेऊन धुळीत बसली, आणि तेवढ्यानं फाटक उघडलं.

ओळी संपेपर्यंत ती रोज आली, पातेलं मोठं होत गेलं. मग आली नाही. आष्टीकडची होती एवढंच टांगेवाला सांगू शकला; मी आष्टीला जाऊन विचारलं, कुणाला ठाऊक नव्हतं. गनी वाचला. पुढं सुटून भोकरदनला गेला. मी देवीचे उपकार मानतो, त्या म्हातारीचेही मानतो, आणि दोघी वेगळ्या की एकच या वादात पडत नाही.

वाचणाऱ्याला माझं एकच सांगणं आहे, आणि ते मी हात जोडून सांगत नाही, मागणी म्हणून करतो. तुमच्या तालुक्याच्या गावी कचेरीमागं एक कोठडी आहे. तिच्यात आज कुणीतरी बसलेला आहे आणि तो तुमच्या बाजूचा नाही. उद्या सकाळी घरात जे शिजेल त्यातलं त्याच्यासाठी बांधा, दुसऱ्याच्या हाती न पाठवता स्वतः घेऊन जा. पहारेकरी म्हणेल, आधी तुम्ही खा. तर तिथंच बसा आणि खा. उपास असला तरी खा.