दैवशाला, दोन पत्ते आणि रायभानचा एडका

जालन्याच्या एमआयडीसीत एका बियाणे कंपनीत दैवशाला उगवण तपासते. ओल्या कागदावर दाणे मांडायचे, कोंब फुटले की बघायचे, वाकडा दिसला की तसं लिहायचं. चाळिशी उलटली, तरी तिच्याइतकं खळखळून त्या खोलीत कुणी हसत नाही.

टॅरोचा नाद तिला भाचीमुळे लागला. पायलनं ते भविष्य सांगायचे पत्ते हौसेनं मागवले, आठ दिवसांत कंटाळली, आणि मावशीनं उचलले. मोबाइलवर बघून बघून तिनं चित्रांचे अर्थ पाठ केले. आता जेवणाच्या सुट्टीत डबे झाकले की बाया तिच्याभोवती गोळा होतात. नवरा ओमप्रकाश चिडवतो, "माह्यासाठी पण काढ एखादा, आज भाजी कोणती हाय ते तरी कळंल."

तिचा नियम एकच. पत्ते दोन काढायचे, नुसत्या एकावर बोलायचं नाही. "एका दाण्यावरनं पोतं नापास करतो का आपण?" असं ती विचारते. दुसरा पत्ता पहिल्याला कधी सावरतो, कधी टोकतो. दोघांचं मिळून जे निघतं ते खरं.

त्या रविवारी ती माहेरी, धावड्याला आली होती. ओट्यावर टेकते न टेकते तोच शेजारची आशाबाई पदर खोचत आली. मागं तिची लेक शालू, आणि तिच्याही मागं, नाइलाजानं आल्यासारखा, आशाबाईचा नवरा रायभान. रायभानच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं. शालूचा परभणीकडच्या एका कॉलेजात पशुवैद्यकीच्या पदविकेला नंबर लागला होता. मंगळवारपर्यंत हजर व्हायचं, नाहीतर जागा गेली. आणि रायभान 'हो' म्हणत नव्हता. पोरीनं एकटीनं परक्या गावी राहायचं, हे त्याच्या गळी उतरत नव्हतं.

"ताई, काढ पत्ते," आशाबाई म्हणाली. "हे माणूस माझं ऐकत न्हाई, पत्त्याचं तरी ऐकंल."

"मी काहून ऐकू पत्त्याचं? पंचमीला खेळतो मी. राजा, राणी, गुलाम, समदे माझ्या ओळखीचे हायेत."

"ह्यात पण राजा-राणी हायेत, दादा. बसा तर खरं!"

शालूनं पत्ते पिसले आणि दोन काढले. पहिल्यावर कड्याच्या टोकाशी आलेला एक तरुण, खांद्यावरच्या काठीला गाठोडं, पायाशी कुत्रं. दुसऱ्यावर पांढऱ्या कपड्यातली बाई, दोन्ही हात सिंहाच्या जबड्याला लावलेले.

दैवशालानं पत्ते जवळ ओढले. पहिल्या पत्त्याचं नाव 'मूर्ख'. समोर खोल दरी आणि ह्याची नजर आभाळात. हे सांगावं तर रायभानच्या हाती आयतं कोलीत. लपवावं तर जन्माची सवय आडवी येत होती. वाकडा कोंब तिनं कधी सरळ लिहिला नव्हता.

"दादा, खरं सांगते. ह्याला मूर्ख म्हणत्यात. पुढचं न बघता निघालेला माणूस."

रायभाननं पत्ता उचलला, लांब धरून बघितला, मग जवळ.

"मूर्ख? ह्याला मूर्ख कोण म्हणलं?" तो एकदम तापला. "काठी हाय, गाठोडं हलकं हाय, कुत्रं संगं हाय. हा तर बराबर मेंढक्या हाय, आपल्यातला! आणि कड्याच्या काठानं चालावंच लागतंय, गवत तिथंच असतंय. शालूएवढा होतो तवा मी असाच गेल्तो, अजिंठ्याच्या डोंगरात."

"एकटेच?" आशाबाईनं साळसूदपणे विचारलं.

"मंग? कोण येणार होतं संगं? तू?"

बोलून गेल्यावर त्याचं त्यालाच कळलं, आपण कुठं येऊन अडकलो ते. आशाबाईनं तोंडाला पदर लावला. दैवशालाला हसू आवरेना.

"हसू नका," रायभान म्हणाला आणि घाईघाईनं दुसऱ्या पत्त्याकडं वळला. "ही कोण?"

"हिला शक्ती म्हणत्यात. जोर न लावता, मायेनं सिंहाला—"

"सिंह-बिंह राहू दे. ही जनावराला औषध पाजून राह्यली. पण हात चुकलाय बाईचा. असा धरला तर बोट तुटंल." त्यानं पत्त्यांची अदलाबदल केली. "आणि तू मांडले पण उलटे. आधी ही, मंग तो. आधी हात तयार पायजे, मंग घर सोडावं." मग तो शालूकडं बघत म्हणाला, "मोठ्या एडक्याला एकटीनं औषध पाज. जमलं तर जा. बिलकुल अडवणार न्हाई."

तो एडका, कळपातला थोरला मेंढा, म्हणजे साक्षात बला. मेंढरं घ्यायला आलेल्या व्यापाऱ्याला त्यानं गेल्या साली कुंपणाबाहेर फेकलं होतं. सगळे मेंढवाड्याकडं निघाले. दैवशाला फाटकाशीच थांबली.

एडका पाय आपटत उभा राहिला. शालूनं त्याच्या शिंगांना हातच लावला नाही. गळ्याखाली खाजवत, तोंडानं चुचकारत तिनं त्याला हळूहळू कोपऱ्यात नेलं, गुडघ्यानं अंगाशी दाबलं आणि ओठाच्या कडेनं, जिथं दात नसतात तिथं, अंगठा सारला. तोंड उघडलं.

"मान लई वर नको, न्हाईतर औषध—"

"फुप्फुसात जातंय. माह्या ध्यानात हाय, बाबा."

औषध घोटाघोटानं आत गेलं. शालूनं हात काढला तसा एडका सुटला, तो थेट फाटकाला टेकलेल्या दैवशालावर! ती किंचाळत दगडी बांधावर चढली, एक चप्पल खाली, एक पायात. आशाबाई हसून हसून खालीच बसली.

रायभान मात्र लेकीकडंच बघत होता. मग त्यानं डोक्याचा रुमाल सोडला, तोंड पुसलं आणि बाभळीच्या सावलीत ऐसपैस बैठक मारली.

"आता बाकीच्यांना पण पाज," तो म्हणाला. "मंगळवारपासून हे समदं मलाच बघायचंय. आज तरी बसू दे."

शालू हसली की रडली, ते दैवशालाला बांधावरनं नीट दिसलं नाही. ती खाली उतरली, पदर खोचला आणि पहिली मेंढी धरायला आत शिरली.