मनकर्णाबाईंची चवीची वही

त्या सोमवारी मटकीच्या उसळीत मीठ दोनदा पडलं आणि दुसऱ्यांदा टाकणारा हात भागवत सरांचा होता. त्याच सकाळी त्यांनी तिसरी-चौथीला 'मीठ, साखर, तेल बेताचंच' या विषयावर पाऊण तास घाम गाळला होता.

झालं असं, की शाळेतलं जेवण पोरांना वाढण्याआधी शिक्षकानं चाखायचं आणि वहीत शेरा मारून सही करायची, अशी रीत. स्वयंपाक करणाऱ्या मनकर्णाबाई वरून मीठ टाकून पाण्याला हापशावर गेल्या होत्या. उसळ ढवळायची राहिली होती. सरांनी कडेची चमचाभर चाखली. अळणी! त्यांनी सढळ हातानं मूठ सोडली आणि पुन्हा न चाखताच 'चव उत्तम' लिहून सही ठोकली.

पप्पूनं पहिला घास घेतला आणि डोळे फिरवले. "सर, बैलाला चाटायला मिठाचा खडा ठिवतेत ना, तसं लागायलंय!"

पाचव्या मिनिटाला अख्खी पंगत फाटकाबाहेरच्या दुकानावर, चटकदार पाकिटं फोडत उभी.

मनकर्णाबाईंनी उरलेली उसळ चाखली. मग पातेलं असं आपटलं, की सरांना सगळं ऐकू आलं.

आष्टी तालुक्यातल्या या वाडीत मनकर्णाबाईंना ओळखत नाही असं कुणी नाही. बारा हंगाम माजलगावकडं ऊस तोडला, वीस माणसांच्या टोळीला भाकरी घातली. गुडघ्यानं असहकार पुकारला तेव्हा कोयता ठेवून शाळेचा डाव हातात घेतला. सरांच्या तोंडी जीवनसत्त्वं आली, की त्या म्हणत, "ते मला न्हाई कळत. कोनत्या लेकराचं तोंड सुकलंय, ते मात्र दारातून दिसतं."

सध्या सुकलेलं तोंड होतं तिसरीतल्या सायलीचं. आईबाप ऊसतोडीला, सायली आजीपाशी. त्याच संध्याकाळी तिच्या बापाचा, आसारामचा, सरांना फोन आला.

"सर, आई म्हनती पोरगी जेवतच न्हाई, निस्ती पाकिटं खाती. वाळून गेलीया. शनिवारी येतो अन् फडावर घेऊन जातो."

फडावर गेली म्हणजे उन्हाळ्यापर्यंत पाटी-दप्तर बंद. रात्रभर खपून सरांनी भाज्या-फळांचा रंगीत तक्ता काढला. मंगळवारी सायलीनं तो मन लावून पाहिला, "सर, वांगं लई भारी काढलंय," म्हणाली आणि पाकीट फोडलं.

बुधवारी मनकर्णाबाईंनी सरांच्या हातातून वही काढून घेतली. "आजपासून सही पोरांची. पयली सायलीची."

"अहो मावशी, चाखायचं शिक्षकानं असतं."

"तुमी बी चाखा की. पर तुमची चव कळली आमाला."

त्या दिवशी करडईची भाजी होती. सायलीनं जिभेचं टोक लावलं, नाक मुरडलं आणि सगळ्यांच्या देखत म्हणाली, "लसूण कमी हाय."

सरांना वाटलं, आता डाव उडतोय. पण मनकर्णाबाई उठल्या, लसूण ठेचला, चरचरीत फोडणी ओतली. "आता?"

सायलीनं पुन्हा चाखली. मग शंका आली म्हणून पुन्हा. शंका फिटेपर्यंत वाटी रिकामी झाली. वहीत वाकडी सही करून ती पंगतीकडं वळली. "खा बे पप्प्या, मी पास केलीया!"

गुरुवारी चाखायला रांग लागली. शेरेही पडू लागले. 'आमटी छान. मावशीनं वरडणं कमी करावं.'

शनिवारी सकाळच्या शाळेत आसाराम रिकामी पिशवी घेऊन आला. सायली चुलीपाशी वाटी घेऊन उकिडवी बसली होती.

"चल गं, कपडे भर."

"मला न्हाई यायचं. सोमवारी माझी पाळी हाय."

"कसली पाळी?"

"चाखायची. म्या न्हाई तर ह्यो पप्प्या कच्चंच पास करील!"

आसारामनं तिच्या हातातली चाटूनपुसून रिकामी वाटी पाहिली. आज पुन्हा करडईची भाजी होती; मनकर्णाबाईंनी त्यालाही ताट दिलं. तो बसला, दोनदा मागून घेऊन जेवला, पोरीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि रिकामी पिशवी गाडीच्या हँडलला अडकवून एकटाच परत गेला.

भागवत सरांचा आनंद मावेना. हातातलं ताट सावरत ते म्हणाले, "मावशी, हा प्रयोग मी पुढच्या शिक्षण परिषदेत सांगणार! याला नाव काय देऊ या?"

मनकर्णाबाईंनी त्यांच्या ताटाकडं पाहिलं. भात संपला होता. करडई कडेला सारलेली होती.

"नाव मागून द्या सर, आधी ती भाजी संपवा, पोरं बघायलीत."