मुकुंदरावांनी जगवलेला घोडा

"तुमच्या उजव्या डोळ्याचा पडदा सुटलाय. रेटिनल डिटॅचमेंट," डॉक्टरबाई म्हणाल्या. "भिंतीवरचा कागद सुटावा तसा. आजच ॲडमिट व्हा, उद्या सकाळी ऑपरेशन."

मी विचारलं, "पण माझं दोनशे चौदावं पान चालू आहे, त्याचं काय?"

डॉक्टरबाईंनी माझ्याकडे न बघता मुकुंदरावांकडे बघितलं. मुकुंदराव म्हणजे माझे यजमान. ते म्हणाले, "नाही, डोक्याला काही झालेलं नाही. पहिल्यापासून अशीच आहे."

ते पान एका इंग्रजी फँटसी कादंबरीतलं होतं. तीन खंडांपैकी दुसऱ्यातलं. मी बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतल्यावर हिंजवडीत नोकरी करणाऱ्या आमच्या मुलीने, "आई, आता नाटकं कमी कर आणि वाच," म्हणून तिन्ही खंड माझ्यासाठी मागवले. तिसरा अजून यायचा होता. पहिला मी चार दिवसांत फस्त केला. दुसऱ्यात मात्र आकाशातून राख पडते, ती पडतच राहते. मिठाच्या खाणींवर वसलेल्या शहराला वेढा पडलेला, लोक उपाशी, आणि लेखिकेला कुणाचीही दया नाही. मी रोज पुस्तक आपटायचे आणि रोज उचलायचे.

त्यामुळे डोळ्यापुढे काळे ठिपके तरंगायला लागले तेव्हा मला वाटलं, पुस्तकातलीच राख उडाली. कोपऱ्यात वीज चमकल्यासारखं व्हायचं, तर मी बँकेच्या नाट्यस्पर्धेतली माणूस, मला वाटलं कुणीतरी फोटो काढतंय. आठ दिवस असेच घालवले. नवव्या दिवशी उजवीकडून अंधार सरकत आला. तुम्हाला असे ठिपके किंवा चमक दिसली तर कृपा करून माझ्यासारखं कौतुक करत बसू नका. त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

माझा डावा डोळा लहानपणापासून आळशी. ॲम्ब्लिओपिया म्हणतात त्याला. बस आली एवढं त्याला कळतं, कितव्या नंबरची ते कळत नाही. म्हणजे वाचायला मला एकच डोळा, आणि तोच सुटलेला.

ऑपरेशनचं नाव विट्रेक्टॉमी. डोळ्यातला जेलीसारखा पदार्थ काढतात, पडदा जागेवर बसवतात आणि आत गॅसचा बुडबुडा सोडतात. बुडबुडा पडदा दाबून धरतो. पण बुडबुडा वर जाणार, म्हणून माणसाने तोंड खाली ठेवायचं.

"दहा दिवस पालथं," डॉक्टरबाई म्हणाल्या. "जेवायला, बाथरूमला उठलात तरी मान खाली. आणि गॅस उंचीवर फुगतो, म्हणून तो असेपर्यंत विमान नाही, घाट नाही. सिंहगडसुद्धा नाही."

कर्वेनगरच्या घरी मुकुंदरावांनी दोन गाद्यांमध्ये फट ठेवून माझ्या तोंडाची सोय केली. खाली मोझॅकची फरशी, माझ्या आळशी डोळ्यालाही दिसेल इतकी जवळ. दोन दिवसांत मला त्या फरशीतला एकेक खडा पाठ झाला. भेटायला येणारी माणसं मी पावलांवरून ओळखू लागले. शेजारच्या वहिनींच्या टाचांना भेगा होत्या, तरी त्या मला क्रीमची नावं सांगायच्या. माझे पाय आपोआप हलत राहायचे. झोपलेली असूनही मी कुठेतरी चालत होते. डोळ्याचं काय होणार हा प्रश्न मी तोंडातून काढत नव्हते. त्याऐवजी पुस्तक मागत होते.

मुकुंदरावांनी आयुष्यात गोष्टीचं पुस्तक वाचलं नव्हतं. पिंपरीच्या कारखान्यात तीस वर्षं क्वालिटी डिपार्टमेंटला. सदोष सुटा भाग दिसला की लाल पेन्सिलने खूण करायची, हे त्यांचं काम. "माझं इंग्रजी ऐकवणार नाही. मनात वाचतो, मराठीत सांगतो," म्हणाले आणि खुर्ची घेऊन बसले. मला फक्त त्यांची पावलं दिसत होती.

ते तपासणीचा अहवाल वाचावा तसं सांगायचे. राख पडत आहे. लोक उपाशी आहेत. तिसऱ्या दिवशी शहरात एकच घोडा उरला आणि सगळे त्याच्याकडे बघू लागले. इथे मुकुंदरावांच्या उजव्या पायाचा अंगठा वर उचलला गेला.

"मग सैनिकाने घोड्याला भिजवलेले हरभरे घातले."

"वेढ्यात? हरभरे?"

"लिहिलंय तसं सांगतोय."

पाचव्या दिवशी ओरम नावाचा म्हातारा नावाडी गोठलेल्या नदीत फुटकी नाव घेऊन निघाला. मला तो सगळ्यात लाडका. अंगठा वर.

"तो बहिणीकडे गेला विश्रांतीला."

"त्याला बहीण कुठून आली?"

"असेल. असतात लोकांना बहिणी."

मी मुलीला फोनवर सांगितलं, लेखिकेची पकड सुटली, मधेच घरगुती होते. मुलगी एवढंच म्हणाली, "हो का?"

मधे तपासणी झाली. डॉक्टरबाई मुकुंदरावांशी दाराबाहेर बोलल्या. रिक्षात मान खाली घालून मी विचारलं, "काय म्हणाल्या?"

"छान झालंय म्हणाल्या."

चपलेतला अंगठा वर उचललेला मला दिसला. पण तेव्हा मला वाटलं, थंडी असेल.

दहा दिवसांनी मान वर काढली. उजव्या डोळ्यात पाणी भरल्यासारखं दिसायचं आणि बुडबुडा विरेल तशी त्याची रेघ रोज खाली जायची. मुकुंदराव सकाळी पेपर घेऊन विचारायचे, "आज खडकवासला धरणात किती पाणी?" मी म्हणायचे, "अर्धं. कालव्याला सोडलंय थोडं." रेघेच्या वर जग दिसत होतं, पण ते वाकडं होतं. होईल सरळ, असं मी धरून चालले होते.

धरण रिकामं झालं त्या दिवशी मी पुस्तक उघडलं. ओळी लाटांसारख्या वर-खाली होत होत्या. भिंग लावलं, बोट धरलं आणि थेट घोड्याचं पान काढलं.

तीन वाक्यांत घोडा कापला होता. ज्या सैनिकाने त्याला वाढवलं, तो वाटीत आलेलं मांस घेऊन भिंतीकडे तोंड करून बसला होता, एवढंच. संपूर्ण पुस्तकातली ही सगळ्यात चांगली वाक्यं. त्यांच्याभोवती लाल पेन्सिलची चौकट आणि बाजूला मुकुंदरावांच्या अक्षरात शेरा होता, 'रीवर्क'. ओरम बुडाला त्या पानावरही तेच. अशी अकरा पानं निघाली.

मला इतका राग आला की विचारू नका. त्या बाईंनी जीव तोडून लिहिलेलं याने कारखान्यातल्या भागासारखं दुरुस्त केलं! आणि खरं सांगायचं तर त्या अकरा पानांपुढे मला हरभरे खाणारा घोडाही सोडवेना. पुस्तक थोर होतं आणि ते मला नको होतं. दोन्ही.

मुकुंदराव समोर चहा पीत होते. मी टेबलाखाली वाकून बघितलं. अंगठा वर.

"आणखी काय काय रीवर्क केलंत?"

त्यांनी कप खाली ठेवला. "मॅक्युला आधीच सुटला होता म्हणाल्या. पडद्याचा मधला भाग, अक्षरं वाचणारा. पडदा बसेल, पण पहिल्यासारखं वाचता येईल असं सांगता येत नाही."

"कधी म्हणाल्या?"

"ऑपरेशनच्या दिवशीच."

"आणि तुम्ही मला सांगितलं नाहीत?"

"तू पालथी होतीस," मुकुंदराव म्हणाले.

 

आता सहा महिने झाले. ओळी थोड्या शहाण्या झाल्यात, पण सरळ नाहीत. "याच्यापुढे फार सुधारणा होईलच असं नाही," असं डॉक्टरबाईंनी या वेळी माझ्याच तोंडावर सांगितलं, कारण मुकुंदरावांना मी बाहेर बसवलं होतं. भिंग लावून दिवसाला दोन पानं होतात. पूर्वी मी दोनशे वाचत असे. डॉक्टरबाईंनी पडदा वाचवला, त्यांचे उपकार आहेतच. आणि आजाऱ्याजवळ बसणाऱ्यांना सांगते, काही गाळून सांगू नका. आम्हाला पावलांवरूनसुद्धा कळतं.

गेल्या आठवड्यात तिसरा खंड आला. मी लाल पेन्सिल बांगड्यांच्या डब्यात टाकली आणि मुकुंदरावांना खुर्ची दिली.

"लिहिलंय तेच सांगायचं."

त्यांनी घसा साफ केला. पहिल्याच पानावर बर्फ वितळतं आणि ओरमचं प्रेत काठाला लागतं. मुकुंदरावांनी सगळं सांगितलं, सुजलेल्या बोटांसकट. अंगठा जमिनीला टेकलेला होता. मी ताठ बसून ऐकलं.

मग म्हटलं, "त्याच्या बहिणीला कळवायला हवं."

मुकुंदरावांनी पान उलटलं. "कळवलंय," ते म्हणाले.