खराब रस्ता बनवून मिळेल

बांधकामाच्या धंद्यात काम संपतं आणि मुरूम उरतो. साइटच्या कडेला ढीग पडून राहतो, कोणी नेत नाही आणि आपल्याला टाकवत नाही. किश्श्यांचंही तसंच होतं. जुन्नर-आंबेगावात बंधारे, मोऱ्या आणि रस्ते करता करता माझ्याकडे बाकी फारसं काही जमलं नाही, पण हे ढीग जमले. आता गुडघे कुरकुरतात, उन्हात उभं राहवत नाही, आणि नारायणगावात चहाला बसलं की कोणीतरी म्हणतंच, "ते दगडांचं सांग रे!" शंभरदा सांगून कंटाळा आलाय. तरी सांगतो.

*

दोन हजार चार-पाचची गोष्ट असेल. वारूळवाडीत माझं ऑफिस होतं. ऑफिस म्हणजे एक टेबल, दोन खुर्च्या आणि न चालणारा फॅक्स. एक दिवस पुण्याहून निखिल नावाचा तरुण आला. पायात हे एवढाले बूट! बाहेर उभ्या त्याच्या जीपची चाकं माझ्या टेबलाएवढी उंच.

"सर, आम्हाला एक खराब रस्ता बनवून हवाय."

मला वाटलं, ऐकण्यात काही चूक झाली. मी म्हटलं, "बनवून कशाला? दोन्ही तालुक्यांत तयार आहेत. हवा तो निवडा!"

तो हसला नाही. खिशातून नकाशा काढला आणि शांतपणे समजावून सांगितलं. त्यांचा गाड्यांचा क्लब होता. मोठमोठे दगड रचायचे आणि त्यावरून गाडी गोगलगायीच्या चालीनं चढवायची, हा त्यांचा खेळ. रॉक क्रॉलिंग म्हणतात त्याला. लवकर पोचायची घाई नाही. न अडकता, न उलटता वर पोचायचं. त्यासाठी चढावर दहा ऑब्स्टॅकल, म्हणजे अडथळे, करायचे होते, प्रत्येक वेगळा आणि प्रत्येक मोजून मापून.

"तुमच्याकडचे रस्ते कसेही खराब आहेत, सर. आम्हाला डिझाइन केलेला खराब हवाय."

इतकी वर्षं मी चांगला रस्ता करायला जायचो आणि तो खराब व्हायचा. म्हटलं, एकदा ठरवून करून बघू.

*

जागा मिळाली शिनोलीच्या पुढे, डोंगराच्या उतारावर. मालक खंडूशेठ. उतार संपतो तिथं वर चौदा घरांची वाडी. भात आणि नाचणी करणारी माणसं. वाडीला रस्ता नव्हता, नुसती पायवाट. आजारी माणूस घोंगडीच्या झोळीत घालून खाली आणायचे.

मजूर मी वाडीतलेच घेतले. मुकादम बुधाजी. त्यानं आयुष्यभर सरकारी रस्त्यांवर खडी पसरली होती, फक्त स्वतःच्या घरापर्यंतचा रस्ता सोडून. त्याच्या टोळीत ठमाबाई होती. पहिल्याच दिवशी ती घमेलं खाली ठेवून माझ्यासमोर उभी राहिली.

"सायेब, ह्यो रस्ता वाडीपातुर येनार ना?"

"येणार, पण हा चालायचा रस्ता नाही, बाई. हा अडकायचा रस्ता आहे."

मग तिनं सांगितलं. आदल्या पावसाळ्यात तिची सून झोळीतच बाळंत झाली, अर्ध्या उतारावर. मूल राहिलं नाही. सून वाचली, पण आता दिवस राहिले तर काय करायचं, एवढंच ठमाबाईच्या डोक्यात होतं. वाडीनं रस्त्यासाठी दोन अर्ज केले होते, त्यांचं उत्तरच आलं नव्हतं. मी म्हटलं, या वेळी अर्ज मी लिहितो. इंजिनियरच्या भाषेत लिहिलं की साहेबलोक वाचतात. मला खरंच तसं वाटत होतं.

*

पहिला ऑब्स्टॅकल झाला. नकाशाप्रमाणे पोकलेननं दगड ठेवले, मध्ये टायर अडकेल एवढ्या फटी सोडल्या. टेप लावून बघितलं, बरोबर. संध्याकाळी समाधानानं घरी गेलो.

सकाळी येऊन बघतो तर फटी गायब! प्रत्येक फटीत दगडाच्या चिपा मारून बसवलेल्या, वर मुरूम टाकून धुम्मसनं ठोकलेला. त्यावरून लहान मुलाची सायकल गेली असती.

"बुधाजी, हे कोणी केलं?"

"आमीच. तुमी गेल्यावर वाईच उजेड व्हता."

"अरे, फटी सोडायच्या होत्या!"

"मला वाटलं, ऱ्हायल्या."

दिवसभर खपून त्या फटी उकरल्या. दुसऱ्या ऑब्स्टॅकलला तेच. तिसऱ्याला मी स्वतः जागेवर बसून राहिलो, तर पाणी प्यायला गेलो तेवढ्यात बुधाजीनं दोन भोकं बुजवली! मी डोक्याला हात लावला. तो बिचारा खरोखर ओशाळला होता.

"सायेब, भोक दिसलं की हात थांबत न्हाई. तीस वर्सं शिव्या खाऊन लागलेली सवय हाये ती."

शेवटी मी चुन्यानं प्रत्येक फटीपाशी फुली मारली आणि बजावलं, फुलीला हात लावायचा नाही. एक दिवस सगळं ठीक गेलं. दुसऱ्या दिवशी बघितलं तर फुल्या जागेवर, फटी जागेवर, फक्त पुढचा अख्खा चढ पाणी मारून दाबलेला. तिथं फुली नव्हती ना!

*

खंडूशेठचे वडील नव्वदीचे. काठी टेकत कामावर आले आणि पोकलेनच्या पुढ्यात जाऊन उभे राहिले. ऑपरेटरनं घाबरून मशीन बंद केलं.

"कोन हाये रं तो दगडं टाकनारा?"

मी पुढे झालो.

"माजा जलम गेला ही दगडं बाजूला सारण्यात. माज्या बापाचा गेला. आन तू परत आनून टाकतोस?"

मी त्यांना खुर्ची दिली. खेळ समजावून सांगितला. गाड्या येणार, अडकणार, माणसं टाळ्या वाजवणार. म्हातारा उठला आणि रचलेल्या दगडांमधून काठीनं टोचत टोचत फिरला. बांधाकडेच्या एका काळ्या धोंड्यापाशी थांबला.

"ह्यो घेतला न्हाई?"

"नाही, आबा. आकार बरोबर नाही."

"घे ह्याला. माजी दोन कुळवं मोडलीत ह्यानं." आणि वर चढाकडे काठी दाखवली. "लई अवघड जागा कंची हाये? तिथं ठिव. बगू दे पुन्याच्या लोकांना!"

नवव्या ऑब्स्टॅकलचं डिझाइन बदललं. स्पर्धेच्या दिवशी त्या एकाच धोंड्यावर सहा गाड्या अडकल्या. म्हातारा खुर्चीत बसून प्रत्येक गाडीला मान डोलवत होता.

*

त्याच सुमाराला घोडेगावात एका लग्नाला गेलो. बायकोच्या लांबच्या मावशीनं विचारलं, "जावईबापू हल्ली काय करतात?"

बायको वैतागलेलीच होती, कारण मी रोज मुरमानं माखून यायचो. ती म्हणाली, "डोंगरात खराब रस्ता बांधतायत."

मावशी म्हणाल्या, "म्हणजे पूर्वीचंच चालू आहे!"

*

स्पर्धेआधी ट्रायल घेतली. या खेळात गाडीच्या पुढे उलटं चालत एक माणूस ड्रायव्हरला हातवारे करतो. ड्रायव्हरला बॉनेटखालचं दिसत नाही, म्हणून त्यानं डोळे मिटून या माणसाचं ऐकायचं. त्याला स्पॉटर म्हणतात. निखिलचा स्पॉटर म्हणे परदेशातून शिकून आला होता.

पण आमच्याकडे एसटी रिव्हर्स घेताना अख्खा स्टँड कंडक्टर होतो! निखिलची जीप पाचव्या ऑब्स्टॅकलवर चढली आणि बघायला आलेल्या शंभरेक माणसांनी शंभरेक हात वर केले.

"येऊंद्या, येऊंद्या!"

"डावी मारा, भाऊ, डावी!"

"अय, उजवी, उजवी! बास! बास म्हंतो ना राव!"

जीप एका बाजूला कलली. एक चाक हवेत. स्पॉटर ओरडून ओरडून लाल झाला, त्याचं इंग्रजी कोणाला ऐकूच येईना. एवढ्यात ठमाबाई पदर खोचून पुढे आली, दगडाखाली वाकून बघितलं आणि निखिलला म्हणाली, "बाळा, जरा मागं घे. मंग त्या पांढऱ्या दगडाच्या अंगानं ये."

निखिलनं तसंच केलं. गाडी वर!

"आजी, तुम्हाला कसं कळलं?" निखिलनं विचारलं.

"डोक्यावर दोन हांडे घिऊन इथनंच चढतो आमी. मागच्या पायाची जागा बगूनच फुडचा उचलायचा."

परदेशात शिकलेल्या माणसानं वही काढली आणि ते लिहून घेतलं.

*

स्पर्धा झाली. अठरा गाड्या आल्या. काही वाडीच्या खळ्यापर्यंत पोचल्या, बाकीच्या दोरीनं ओढाव्या लागल्या. एका पेपरात फोटो छापून आला. लाल जीप नाक वर करून चढतेय आणि मागे वाडीची घरं. मला वाटलं, देवच पावला. एवढा अवघड चढ फोटोत कधी नीट दिसत नाही, इथं दिसत होता. मी वाडीचा अर्ज लिहायला घेतला, चढाची टक्केवारी घातली, सुनेचं बाळंतपण लिहिलं आणि शेवटी ते कात्रण जोडलं. ठमाबाईनं अंगठा उठवला. मी स्वतः जाऊन अर्ज दिला आणि पोच घेतली.

वैशाखात उत्तर आलं. वाडीतल्या लोकांनी ते न उघडता माझ्याकडे आणलं. मी सगळ्यांसमोर वाचलं.

"सोबतच्या छायाचित्रावरून सदर वस्तीपर्यंत चारचाकी वाहने जात असल्याचे दिसून येते. सबब रस्ता अस्तित्वात असल्याने प्रस्ताव निकाली काढण्यात येत आहे."

कात्रण मीच जोडलं होतं. ठमाबाईनं विचारलं, "म्हंजी रस्ता हाये, असं लिव्हलंय?" मी हो म्हटलं. तिनं कागद मागून घेतला, घडी घालून कमरेला खोचला. बुधाजीनं नुसतं "बरं" म्हटलं. सगळे उठून गेले. सुनेला तेव्हा तिसरा महिना होता.

मला पुढे पारगावकडे कॅनॉलच्या दुरुस्तीचं काम मिळालं. खरं सांगायचं तर वाडीकडे जायचं मी टाळलं. तोंड दाखवायची लाज वाटत होती.

*

दिवाळी झाल्यावर निखिलचा फोन आला. दुसऱ्या वर्षीची स्पर्धा जाहीर झाली होती, या वेळी चाळीस गाड्या. कोर्स एकदा बघून येऊ म्हणाला. नाही म्हणता येईना. त्याच्याच जीपमध्ये बसून गेलो. पायथ्याला त्यानं सीटबेल्ट आवळला, गिअर टाकला, मला म्हणाला, "सर, घट्ट धरा."

मी धरलं. पहिला ऑब्स्टॅकल आला असावा असं वाटलं, पण काही लागलं नाही. दुसराही लागला नाही. निखिल खिडकीतून खाली बघायला लागला. खाली सगळीकडे चिपा मारलेला, मुरूम दाबलेला, कडेनं पाणी जायला चर काढलेला, वळणावर आधाराला दगड रचलेला असा रस्ता होता. भर पावसाळा खाऊनसुद्धा कुठं एक भोक नव्हतं. चढभर गाडीनं साधा हिसका दिला नाही, दुसऱ्या गिअरमध्ये आम्ही वाडीत पोचलो.

खळ्यावर बुधाजी भात झोडत होता. ठमाबाई घरातून बाहेर आली. तिच्या कुशीतलं गाठोडं हललं तेव्हा मला कळलं, ते नातवंड आहे.

"पंधरा दिस झाले," ती म्हणाली. "जीप दारात आली व्हती. घोडेगावच्या दवाखान्यात झाली."

निखिलचा चेहरा उतरला होता. चाळीस गाड्या येणार होत्या. तो हळूच म्हणाला, "पण आजी, आमचा कोर्स? तुम्ही हा रस्ता का केलात?"

ठमाबाईनं नात त्याच्या हातात दिली, कमरेचा कागद काढला आणि माझ्यापुढे धरला.

"हाये म्हनून सरकारनं लिव्हून दिलंय, बाळा. मंग त्येला खोटं कशाला पाडायचं?"