तपकिरी कल्ले

फॉर्मलिनचा वास नाकात गेला की गिरणेकाठची ती सकाळ आठवते. भडगावजवळच्या डोहावर मी कॉलेजातल्या माझ्या विद्यार्थ्यांच्या प्रॅक्टिकलसाठी मासे आणायला गेले होते. मासे पाण्यावर येऊन तोंडं उघडून श्वास घेत होते आणि काठावरचे लोक हसत टोपल्या भरत होते. "मॅडम, आज जाळंबी नको, बठ्ठा मासा वर उनात!" सगळेच मासे आपोआप वर आल्याच्या खुशीत मासे धरणारा एकजण ओरडला. मी एका माशाचे कल्ले उघडले. लालभडक असायला हवेत, ते तपकिरी होते. "टोपल्या ओतून द्या, पाण्यात विष आहे," मी म्हणाले. लोकांनी टोपल्या खाली ठेवल्या. तेवढ्यात याच डोहातलं पाणी गावाच्या नळांना चढवणारी काठावरची मोटार घरघरत सुरू झाली. नळ सुटायची वेळ झाली होती. आजही वर्गात कल्ले उघडले की, लाल असले तरी, मला ती मोटार ऐकू येते.